आर्म काढून ठेवण्याआधी

इलेक्ट्रिक गिटार असलेल्या बहुतेक घरांत एक गोष्ट हमखास दिसते. गिटार ऐटीत स्टँडवर उभी असते आणि तिचा आर्म (तोच तो, ब्रिजला लावायचा वाकडा दांडा) केसच्या खिशात जुन्या तारांच्या भेंडोळ्याबरोबर पडलेला असतो. का काढून ठेवलास म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं. "अरे, तो वापरला की ट्यूनिंग जातं यार."

जातं, हे खरंच आहे. पण त्यावर जे दोन उपाय आपल्याकडे सर्रास सांगितले जातात, ते मला अजिबात पटत नाहीत. पहिला उपाय, ब्रिज ठोकळा घालून कायमचा बंद करून टाक. दुसरा, नवीन ट्यूनर बसवून घे. माझं मत थोडक्यात सांगायचं तर असं: आर्म वापरल्यावर गिटार बेसूर होते ती बहुतेक वेळा तार कुठेतरी अडकते म्हणून. कुठे अडकते हे गिटार स्वतःच सांगते, फक्त विचारायची पद्धत माहीत हवी. निदान न करता पार्ट बदलणं म्हणजे ताप कशाचा आहे ते न बघता दुकानातून गोळ्या आणणं.

पहिल्या पगारातून गिटार घेतलेल्यांपैकी किती जण या एका भानगडीला कंटाळून वाजवणं कमी करतात, ते मी आजूबाजूला बघतोय. म्हणून हा लेख जरा लांबला तरी चालेल.

आधी यंत्र समजून घेऊ. लिओ फेंडरने 1954 साली स्ट्रॅटोकॅस्टर बाजारात आणली तेव्हा तिच्या ब्रिजला 'ट्रेमोलो' असं नाव दिलं. नाव चुकीचं आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं, आणि सूर वर-खाली होणं म्हणजे व्हायब्राटो. गंमत म्हणजे याच कंपनीच्या अनेक अँप्लिफायरवर 'व्हायब्राटो' असं लिहिलेलं असतं आणि तिथे प्रत्यक्षात ट्रेमोलो असतो! सत्तर वर्षं झाली, हा बग कोणी फिक्स केला नाही. आता सगळं जग याला ट्रेमोलो म्हणतं, तर असो.

हा ब्रिज म्हणजे साधी रस्सीखेच आहे. एका बाजूला सहा तारा, दुसऱ्या बाजूला गिटारच्या पाठीमागच्या खोबणीत बसवलेल्या तीन ते पाच स्प्रिंगा. ब्रिज मध्ये एखाद्या तराजूसारखा टेकलेला. तारा त्याला पुढे ओढतात, स्प्रिंगा मागे. दोन्हीकडचा जोर सारखा झाला की तो एका जागी थांबतो. आर्म दाबला की ब्रिज पुढे झुकतो, तारा सैल पडतात, सूर उतरतो. सोडला की स्प्रिंगा त्याला परत आणतात.

हा जोर लहानसहान नसतो. 9 नंबरचा सेट (म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या 9 हजारांश जाडीची) नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये लावला तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे 38 किलो होतो. 10 नंबरचा लावला तर सुमारे 46 किलो. म्हणजे दुकानातून फक्त एक नंबर जाड सेट आणून चढवला तरी ब्रिजवर आठेक किलो जास्तीचे येतात. मग ब्रिज पुढे झुकून उभा राहतो, तारा बोर्डापासून उंच होतात, आणि आपण म्हणतो "ब्रिज खराब झाला". अरे, कॉन्फिगरेशन तू बदललंस, रस्सीखेचीत एका बाजूला गडी वाढवलास आणि दुसरी बाजू हरली म्हणून तिला शिव्या देतोयस!

यातूनच दुसरी एक गोष्ट निघते. एक तार चढवली की ब्रिज जरासा पुढे येतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या लावायला घ्याव्या तर पहिली बिघडते. नवख्या माणसाला वाटतं गिटार पछाडलीये. तसं काही नसतं, सहाही तारा एकाच फळीला बांधलेल्या आहेत एवढंच. दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात, दर फेरीला फरक कमी होत जातो. (वाजवताना एखादी तार तुटली तर ताण कमी होतो, स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. स्टेजवर हे झालं तर मात्र देवच वाली.)

आता मुख्य मुद्दा. आर्मचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: गेलेलं सगळं तंतोतंत परत आलं पाहिजे. ब्रिज जुन्या जागी परत, आणि तारेचा प्रत्येक कणही जुन्या जागी परत. आर्म दाबल्यावर नुसता ब्रिज हलत नाही, तारही सरकते. खुंटीपासून निघून ती आधी स्ट्रिंग ट्रीखालून (डोक्यावरची ती छोटी पकड), मग नटच्या खाचेतून, मग सगळी फ्रेटबोर्ड ओलांडून सॅडलवरून जाते आणि खाली ब्रिजच्या ठोकळ्यात अडकते. या वाटेवर जिथे जिथे ती टेकते, तिथे तिथे घर्षण. जाताना सरकली आणि येताना अडकली, की सूर गेला. मेकॅनिकलवाल्यांना आठवत असेल, आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी तर हिस्टेरेसिसचा लूप जर्नलमध्ये शंभरदा काढला असेल. तोच प्रकार.

मग तार कुठे अडकतेय हे कसं शोधायचं? आमच्या आयटीत कोणी "सिस्टिम नीट चालत नाही" असं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, काय केल्यावर? इथेही तेच. आधी बग रिप्रोड्यूस करा.

गिटार नीट सुरात लावा. ट्यूनर चालू ठेवा. एक तार छेडा, आर्म खाली दाबा, हळू सोडा, काटा कुठे थांबला ते बघा. कागदावर लिहा: चढली, उतरली की जागेवर आली. सहाही तारांचं असं करा. मग परत सुरात लावून दुसरी फेरी, या वेळी आर्म वर ओढून सोडा. (ब्रिज बॉडीला पूर्ण टेकवलेला असेल तर आर्म वर जाणार नाही, तेव्हा डाव्या हाताने जोरात बेंड घेऊन सोडा.) दहा मिनिटांचं काम आहे. या कागदावर निम्म्याहून जास्त निदान लिहिलेलं असतं.

कागद कसा वाचायचा? समजा तिसरी तार, म्हणजे जी, आर्म दाबून सोडल्यावर चढलेली येते आणि बेंड घेतल्यावर उतरलेली. हा नटचा गुन्हा. कारण बघा. आर्म दाबला तेव्हा मधली तार सैल पडली, आणि नटच्या पलीकडचा खुंटीपर्यंतचा तुकडा अजून ताणलेला होता, त्याने थोडी तार स्वतःकडे ओढून घेतली. आर्म सोडल्यावर ती परत यायला हवी होती, पण खाचेत अडकली. अलीकडे तार कमी उरली, म्हणून सूर चढला. बेंडमध्ये बरोबर उलटं होतं. जास्तीची तार अलीकडे ओढली जाते, परत जात नाही, सूर उतरतो.

खात्री करायची असेल तर बेंडनंतर उतरलेल्या तारेला नट आणि खुंटीच्या मध्ये बोटाने हलकंच दाबून सोडा. सूर जागेवर आला? मग गुन्हेगार सापडला. आणि ट्यूनिंग करताना खुंटी पिळतोय तरी सूर ढिम्म हलत नाही, मग एकदम 'टिंग' असा आवाज होऊन उडी मारतो, असं होत असेल तर वेगळा पुरावा शोधायचीही गरज नाही. तो आवाज खाचेतून सुटलेल्या तारेचा आहे.

उपाय? शिसपेन्सिल. थट्टा नाही. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट असतं, आणि ग्राफाइट हे उत्तम कोरडं वंगण आहे. तार सैल करून बाजूला करा, खाचेत मऊ शिसपेन्सिलचं टोक चार वेळा फिरवा, तार परत बसवा. स्ट्रिंग ट्रीच्या खालीही लावा आणि सॅडलवरही. त्याने फरक पडून पुन्हा आठवडाभरात तेच झालं तर खाचच अरुंद असेल. 9 च्या तारांसाठी कापलेल्या खाचेत 10 किंवा 11 बसवल्या की त्या पाचरीसारख्या रुततात. अशा वेळी चांगल्या कारागिराकडून खाच घासून घ्यावी. ते काम घरातल्या कानशीने करू नये. खाच एकदा खोल गेली की तार पहिल्या फ्रेटवर खणखणते आणि मग नटच बदलावा लागतो.

आता दुसरी शक्यता. कागदावर सहाही तारा एकाच बाजूला सरकलेल्या दिसतात. दाबून सोडलं की सगळ्या थोड्या उतरलेल्या, ओढून सोडलं की सगळ्या थोड्या चढलेल्या. सहा तारा सहा वेगवेगळ्या खाचांत एकदम संगनमत करून अडकत नसतात. इथे ब्रिज स्वतः मूळ जागी परत येत नाहीये. जुन्या पद्धतीच्या सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये सहाही स्क्रू गच्च पिळलेले असतील तर तो मोकळा झुलणार कसा? आधी तारा सैल करा. मग कडेच्या दोन स्क्रूंवर ब्रिज टेकू द्या आणि मधले चार थोडे वर घ्या, म्हणजे ते फक्त ब्रिजला जागेवर राखतील, अडवणार नाहीत. दोन खांबांवर टेकणारा ब्रिज असेल तर त्याची धार बघा, गंज किंवा खड्डा दिसतोय का. मुंबईच्या किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि हाताच्या घामात हे लवकर होतं. आणि तारा पूर्ण ताणलेल्या असताना ते खांब स्क्रूड्रायव्हरने कधीही फिरवू नका. टणक लोखंडावर धार घासली जाते आणि एका फिरकीत कायमची बोथट होते.

ब्रिज तरंगता ठेवायचा असेल तर त्याची मागची कड बॉडीपासून सुमारे 3 मिलिमीटर वर असावी, असा साधारण संकेत आहे. त्यासाठी मागची झाकणपट्टी काढून स्प्रिंगांचा पंजा धरणारे दोन स्क्रू फिरवायचे. एक युक्ती सांगतो. ब्रिजच्या कडेखाली तेवढ्या जाडीची पुठ्ठ्याची घडी सरकवा, पंजा थोडा घट्ट करून ब्रिज तिच्यावर टेकू द्या आणि मग सहा तारा सुरात लावा. ब्रिज हलत नसल्याने हे काम एका फेरीत होतं. मग पंजाचे स्क्रू थोडे थोडे सैल करत जा. पुठ्ठा अलगद निसटून पडला की रस्सीखेच बरोबरीत सुटली. (पंजाला एक वायर डकवलेली असते, ती अर्थिंगची. ती तोडू नका, नाहीतर दुसरा लेख लिहावा लागेल :) )

तिसरी शक्यता. आर्मला हातही लावला नाही तरी रोज सकाळी गिटार बेसूर. मग आर्मला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडा. नवीन तारा हाताने ताणून बसवल्या नसतील, खुंटीवर पाच-सहा सैल वेढे असतील (दोन-तीन नीट वेढे पुरतात), किंवा तारेचा गोळा ठोकळ्यात पुरता बसला नसेल. आणि पावसाळा विसरू नका. जूनमध्ये हवा दमट झाली की लाकूड पाणी पितं, नेक किंचित हलते. त्यात गिटारची काही चूक नाही. आपल्या घरातले दरवाजेही तेव्हा चौकटीत अडकतातच की.

इथे ट्यूनरबद्दल बोलायलाच हवं. माझा एक मित्र पुण्यात एका बँडमध्ये वाजवतो. दुकानदाराने गिटारकडे धड न बघता त्याला लॉकिंग ट्यूनरचा सेट घ्यायला लावला. काही हजार रुपये गेले, आणि जी तार दाबून सोडल्यावर पहिल्यासारखीच चढलेली! वैतागून तो गिटार विकायला निघाला होता. एका रविवारी दुपारी आम्ही वरचा कागद तयार केला. पाच तारा ठीक, एक चढलेली. शिसपेन्सिलने काम बरंचसं झालं, उरलेलं कारागिराने खाच घासून केलं. ट्यूनर निरपराध होते, जुनेही आणि नवेही.

आणि इंजिनिअर म्हणवणाऱ्यांना तर हे कळायला हवं. ट्यूनरमध्ये वर्म गियर असतो. स्क्रूने चाक फिरतं, पण चाकाने स्क्रू फिरत नाही. तार कितीही ओढो, ती खुंटी उलटी फिरवू शकत नाही. दात फारच झिजले असतील तर गोष्ट वेगळी. थोडा खेळ प्रत्येक गियरमध्ये असतो, त्यावर तोड म्हणजे सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. जास्त चढला तर पुन्हा खाली उतरवून वर यायचं. लॉकिंग ट्यूनर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वेढे कमी होतात, तार बदलणं सोपं होतं. पण नटमधला अडथळा ते दूर करत नाहीत. जिथे बग नाही तिथला कोड नवीन लिहून काय फायदा?

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर लेख एकतर्फी होईल. काही जणांनी ब्रिज बंद करावा, हे मला मान्य आहे. एरिक क्लॅप्टनने आपल्या स्ट्रॅटोकॅस्टरचा ब्रिज लाकडाचा ठोकळा घालून बंद करून ठेवला, कारण त्याला आर्म वापरायचाच नव्हता. तरंगत्या ब्रिजवर एक तार बेंड करताना सोबत वाजणारी दुसरी तार थोडी उतरते, हे पदार्थविज्ञान आहे. त्यावर पेन्सिल चालत नाही. मधूनच सहावी तार डीवर उतरवायची सवय असेल तरी तरंगता ब्रिज नकोसा होईल. आणि अगदी स्वस्त गिटारमध्ये ब्रिजचा धातूच इतका मऊ असतो, की धार वर्षभरात जाते. तिथे पार्ट बदलावाच लागतो. माझं म्हणणं एवढंच, की निर्णय तुमच्या वाजवण्यावरून घ्या, वैतागून नको.

"मग फ्लॉइड रोज घेऊ का?" हा पुढचा प्रश्न. फ्लॉइड रोजने 1970 च्या दशकात हाच बग दुसऱ्या टोकाने सोडवला. तारेला सरकूच द्यायचं नाही. नटवर लॉक, सॅडलवर लॉक, दोन कुलपांच्या मध्ये तार बंद. 1979 साली त्याला पेटंट मिळालं. घर्षणाची जागाच गेली, म्हणून वाटेल तसा आर्म दाबा, सूर परत येतो. पण कुलूप लावल्यावर खुंट्या बिनकामाच्या होतात, म्हणून मग ब्रिजवर बारीक ट्यूनर बसवावे लागले. तानपुऱ्यावर खुंटीने सूर लावून झाला की खालचे मणी सरकवून तो बारीक मिळवतात ना, काम तेच. उपाय फर्स्टक्लास आहे, पण तार बदलायला पाना लागतो आणि धार झिजली तर तोही बेसूर होतो. देखभालीतून सुटका कुठेच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. आपल्या कानाला हे विचारावंच लागू नये. आपण मींड ऐकत मोठे झालोय. दोन सुरांच्या मधली जागा मोकळी नसते, तिथेच तर सगळं गाणं असतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. सतारीवर तार ओढून मींड घेतात, ओढल्याने सूर फक्त चढतो. गिटारवरच्या बेंडचंही तेच. आर्म हा असा एक दांडा आहे की जो वाजत असलेल्या सुराला खालीही नेतो, परत आणतो, आणि सगळी तारच गळ्यासारखी हलवतो.

जेफ बेकचं 1989 चं 'व्हेअर वेअर यू' ऐका. 'जेफ बेक्स गिटार शॉप' या अल्बममध्ये आहे. त्यातली चाल मुख्यतः हार्मोनिक आणि आर्म यांवर उभी आहे. सूर फ्रेटवर शोधलेले नाहीत, आर्मने तिथपर्यंत नेऊन ठेवलेले आहेत. आणि ते बरोब्बर लागतात. बेक 2023 साली गेला. त्याच्या नावाने निघालेल्या स्ट्रॅटोकॅस्टरवर नटच्या जागी काय आहे माहितेय? छोटे छोटे रोलर, तार अडकू नये म्हणून. आर्मवर ज्याने अख्खं गाणं उभं केलं, त्याच्या गिटारवर ब्रिज बंद केलेला नाही, तारेची वाट मोकळी केलेली आहे.

आपल्याला रोलरची चैन नाही परवडली तरी हरकत नाही. या शनिवारी-रविवारी एक तास काढा. ट्यूनर, कागद, पेन्सिल. सहा तारा, दोन फेऱ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासा. तरीही गिटार ऐकत नसेल तर कारागिराकडे जा, पण तो कागद घेऊन जा. "ट्यूनिंग जातं" असं सांगणारा गिऱ्हाईक त्याला रोज भेटतो. "जी तार दाबल्यावर चढते, बाकी पाच ठीक आहेत" असं सांगणाऱ्याला सहसा कोणी नको तो पार्ट विकत नाही.